हा पैसा आणला कुठून?

घर घ्यावयाचे म्हणजे कर्ज आलेच, आणि कर्ज आले की बँकेतल्या मेजापलीकडून एक प्रश्न हमखास येतो. घराच्या किमतीचा मोठा भाग बँक देते. पण आरंभीची रक्कम घेणाराने पदरची घालावयाची असते. 2015 च्या ऑक्टोबरात रिझर्व्ह बँकेने ठरवून दिले की तीस लाखांपर्यंतच्या कर्जास किमतीच्या फार तर नव्वद टक्के, त्यापुढे पंच्याहत्तर लाखांपर्यंत ऐंशी टक्के आणि त्याहूनही मोठ्या कर्जास पंच्याहत्तर टक्के एवढेच बँकेने द्यावे. म्हणजे पन्नास लाखांचा ब्लॉक घेणाऱ्या कुटुंबाला निदान दहा लाख आपले दाखवावे लागतात. मुद्रांकाचा आणि नोंदणीचा खर्च वेगळाच. आणि रक्कम नुसती दाखवून भागत नाही. ती कुठून आली हे कागदाने सिद्ध करावे लागते. पगारातून शिल्लक पडली असेल तर पासबुक बोलते. वडिलांनी दिली असेल तर वडिलांचे पत्र लागते. मात्र खात्यात एकदम दोन लाख रोख भरलेले दिसले, आणि ते घरातल्या बाईने भरलेले असले, की मेजापलीकडची व्यक्ती चष्म्यावरून पाहते आणि विचारते, “बाई, हा पैसा आणला कुठून?”

प्रश्नात संशय असतो म्हणून तो बोचतो. भिशीचे पैसे, शिकवण्यांचे पैसे, दिवाळीत चकल्या-अनारसे करून विकल्याचे पैसे, भाऊबिजेच्या ओवाळण्या, मोडलेल्या गोठांचे पैसे, यांना पावत्या कोठून असणार? पण मंडळाच्या या वर्धापनदिनाच्या अंकात भगिनींपुढे जे मांडावयाचे आहे ते गाऱ्हाणे नव्हे. बाईजवळच्या पैशाला हा प्रश्न आजच विचारला जातो असे नाही. आपल्या देशात तो निदान दोन हजार वर्षे विचारला जात आहे, आणि त्याच्या उत्तरावर बाईचे घर उभे राहिले आहे किंवा बुडाले आहे. तो इतिहास पाहण्याजोगा आहे.

स्मृतिकारांनी स्त्रीधनाची जी व्याख्या केली ती मुळी पैसा कुठून आला यावरच केली. पुरुषाच्या धनाचे वर्णन करताना जमीन, गुरे, सोने असे प्रकार पडतात. बाईच्या धनाचे प्रकार पडले ते देणाऱ्यावरून आणि देण्याच्या वेळेवरून. मनुस्मृतीत ते सहा सांगितले आहेत. लग्नात अग्नीसमोर मिळालेले ते अध्यग्नि. माहेराहून सासरी जाताना मिळालेले ते अध्यावाहनिक. प्रेमाने दिलेले ते तिसरे. मग भावाकडून, आईकडून आणि बापाकडून आलेले. याज्ञवल्क्याने त्यात भर घातली ती नवऱ्याने दुसरी बायको केली असता पहिलीच्या समाधानासाठी द्यावयाच्या धनाची. त्याला आधिवेदनिक म्हणत. (समाधान कितपत होई हे त्या बायकाच जाणोत.) या सर्वांत नातलगांकडून प्रेमाने आलेल्या धनाला सौदायिक हे नाव होते, आणि त्यावर बाईची सत्ता पुरी मानली जाई, ते विकण्यास वा कोणास देण्यास तिला नवऱ्याची संमती लागत नसे.

येथवर ठीक होते. पण कात्यायनाने एक मेख मारून ठेवली. बाईने आपल्या हस्तकौशल्याने जे मिळवले असेल, आणि परक्या माणसाने तिला जे दिले असेल, त्यावर नवऱ्याचे स्वामित्व आहे, असे त्याने लिहिले. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. बापाने दिलेली पाटली बाईची. पण सूत कातून, विणून, शिवून तिने मिळवलेला पैसा नवऱ्याचा! फुकट आलेले आपले आणि घाम गाळून आणलेले परक्याचे, असा हा न्याय. याज्ञवल्क्याने आणखी एक सवलत नवऱ्याला दिली होती. दुष्काळात, धर्मकार्यासाठी, आजारपणात किंवा कैदेत पडला असता त्याने बायकोचे धन घेतले तर ते परत करण्याचे त्याच्यावर बंधन नाही. या चार कारणांत संसारातली बरीचशी कारणे बसतात हे कोणत्याही गृहिणीला सांगावयास नको.

याला विरोध करणारा एक थोर टीकाकार आपल्या बाजूचाच होऊन गेला. चालुक्यांच्या कल्याणीला विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ लिहिली. याज्ञवल्क्याच्या श्लोकातील ‘आद्य’, म्हणजे ‘इत्यादी’, या एका शब्दाला धरून त्याने म्हटले की वारसाने, विकत घेऊन, वाटणीत, किंवा सापडून, कोणत्याही मार्गाने बाईला आलेले धन हे स्त्रीधनच होय. एका ‘इत्यादी’ने दार उघडले. पण पुढे इंग्रजी अमदानीत लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने ते बरेचसे लोटून घेतले, आणि वारसाने आलेली मालमत्ता बाईला केवळ हयातीपुरती, असा दंडक बसवला. मुंबई इलाख्यात मात्र मुलीला बापाकडून वारसाने आलेले पूर्ण मालकीने मिळे. इतर प्रांतांच्या मानाने येथील बायका एवढ्यापुरत्या सुदैवी म्हणावयाच्या. या सर्व मतांची छाननी भारतरत्न पां. वा. काणे यांनी आपल्या ‘धर्मशास्त्राच्या इतिहासा’त केली आहे, ज्यांना सवड असेल त्यांनी ती अवश्य वाचावी.

कायदेमंडळाने हात घातला तोही हळूहळू. 1874 मध्ये विवाहित स्त्रीची कमाई तिची स्वतःची असे म्हणणारा कायदा झाला खरा, पण हिंदू, मुसलमान, बौद्ध, शीख आणि जैन बायका त्यातून वगळल्या होत्या. म्हणजे कायदा आला आणि आपल्या दारावरून पुढे गेला. 1937 मध्ये डॉ. गोपाळराव देशमुख यांच्या प्रयत्नाने विधवेला नवऱ्याच्या मालमत्तेत हिस्सा मिळाला, तोही हयातीपुरताच. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू कोड बिल मांडले, ते रखडले, आणि 1951 मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले. मग त्या बिलाचे तुकडे करून एकेक कायदा झाला. 17 जून 1956 रोजी हिंदू वारसा कायदा अंमलात आला, त्याचे चौदावे कलम आपल्यापैकी प्रत्येकीने एकदा तरी वाचावे असे आहे. बाईच्या ताब्यातील मालमत्ता तिच्या पूर्ण मालकीची, एवढेच सांगून ते थांबत नाही. ती कुठून आलेली असेल याची यादीच देते. वारसाने, मृत्युपत्राने, वाटणीत, पोटगीच्या बदल्यात, लग्नापूर्वी, लग्नात किंवा लग्नानंतर नातलगाने वा परक्याने दिलेली, स्वतःच्या कौशल्याने वा श्रमाने मिळवलेली, विकत घेतलेली, आणि शेवटी, ‘अन्य कोणत्याही रीतीने’. परक्याने दिलेले आणि श्रमाने मिळवलेले, कात्यायनाने काढून घेतलेल्या या दोन्ही गोष्टी त्या यादीत नाव घेऊन परत आल्या आहेत. विज्ञानेश्वराच्या ‘इत्यादी’लाही अखेर जागा मिळाली.

गोमंतकातील भगिनींची गोष्ट निराळी. तेथे 1867 च्या पोर्तुगीज दिवाणी संहितेमुळे, लग्नापूर्वी दुसरा करार केलेला नसेल तर, नवराबायकोची मालमत्ता सामाईक धरली जाते. लग्नानंतर घेतलेल्या घरात बाईचा निम्मा वाटा आपोआप असतो. पैसा कोणी घातला हे विचारावे लागत नाही. आपण इकडे ज्यासाठी पुरावे जमवीत बसतो ते तिकडे लग्नाच्या नोंदणीबरोबरच मिळते.

आता कायद्याच्या पोथीतून उतरून प्रत्यक्ष मुंबईच्या घरांकडे येऊ. मध्यमवर्गाने आपले पैसे एकत्र करून घरे बांधावी ही कल्पना येथे रुजवली ती श्रीपाद सुब्राव तालमकी यांनी. 1915 मध्ये गावदेवीला सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली, आणि पुढे दादर, माटुंगा, पार्ले अशी ही हवा पसरली. सभासद व्हावयाचे तर भागभांडवल आणि आरंभीचा हिस्सा भरणे आले. कारकुनाच्या, शिक्षकाच्या पगारात तो कोठून निघणार? तो निघाला बहुतेक घरी एकाच जागेतून. देवघराशेजारच्या फडताळात जो डबा असे, त्यातून. तोडे गेले, वाक्या गेल्या, पुतळ्यांची माळ गेली. मंगळसूत्र आणि एखादी ठुशी राहिली. सोनाराने वजन केले, घट धरली, पैसे मोजून दिले ते यजमानांच्या हातात. पावती झाली असली तर त्यांच्याच नावे झाली. संस्थेच्या दप्तरात सभासद म्हणून नाव लागले तेही त्यांचेच. बाईच्या अंगावरचे सोने भिंतीत गेले, आणि भिंतीवर तिचे नाव कोठेच उमटले नाही. यात कोणी कोणाला फसवले असे नव्हे. दोघांनी मिळून घर केले, आणि कागद करण्याची रीत त्या काळी एकच होती. पण वैधव्य आले, दीर-पुतण्यांत तंटा झाला, किंवा नवऱ्याचे मन फिरले, म्हणजे त्या रीतीचा अर्थ बाईला कळे.

1947 च्या भाडेनियंत्रण कायद्यानंतर भाड्याने देण्यासाठी इमारती बांधणे परवडेनासे झाले आणि पागडीचा सुकाळ झाला. पागडी घेणे हा त्या कायद्याने गुन्हा होता. साहजिकच ती रोख, बिनपावतीची आणि दाराआड दिली जाई. 1999 च्या भाडेनियंत्रण कायद्याने ती मान्य होईपर्यंत दोन पिढ्यांचे सोने या वाटेने गेले, आणि त्याचा पुरावा म्हणून एक चिटोराही मागे उरला नाही. मग मालकीचे ब्लॉक आले. त्यांतही बिल्डर अर्धी किंमत ‘पांढरी’ आणि अर्धी ‘काळी’ मागू लागला. 1963 च्या ओनरशिप फ्लॅट कायद्याने एवढे केले की लेखी, नोंदलेल्या कराराशिवाय किमतीच्या वीस टक्क्यांहून अधिक आगाऊ रक्कम घेता येऊ नये. 2016 च्या रेरा कायद्याने ते प्रमाण दहा टक्क्यांवर आणले. सामान्य माणसाला लांब मुदतीचे गृहकर्ज देण्याचा पायंडा हसमुखभाई पारेख यांनी 1977 मध्ये स्थापलेल्या एचडीएफसीने पाडला. ती संस्था 2023 मध्ये आपल्याच बँकेत विलीन झाली. मासिक हप्त्याचे कर्ज आले तसा पगाराचा दाखला आला, आणि त्यापाठोपाठ आरंभीच्या रकमेची चौकशीही आली. 2002 चा काळा पैसा पांढरा करण्यास आळा घालणारा कायदा 2005 च्या जुलैपासून लागू झाला. तेव्हापासून तर ही चौकशी बँकेच्या कर्तव्याचाच भाग होऊन बसली. 2015 पासून मालमत्तेच्या व्यवहारात वीस हजार वा अधिक रक्कम रोखीने घेण्यासही बंदी झाली.

बँकेच्याही आधीपासून हा प्रश्न विचारणारा एक अधिकारी होता, तो प्राप्तिकराचा. 1961 च्या कायद्यात यासाठी स्वतंत्र कलमे घातली होती. वहीत जमा दिसली, किंवा कोणी काही खरेदी केली, आणि पैसा कुठला याचा खुलासा समाधानकारक वाटला नाही, तर ती रक्कम त्या वर्षाचे उत्पन्न धरून कर लावावा, असा त्यांचा आशय. 2025 मध्ये संसदेने त्या कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला, पण हा प्रश्न त्यातही आलाच. या कलमांखाली बायकांचे जे खटले झाले त्यांपैकी दोन सांगण्याजोगे आहेत, कारण ते दोन टोकांचे आहेत.

पहिला केरळातला. एका वीस वर्षांच्या मुसलमान मुलीने 1960 नंतरच्या दशकाच्या अखेरीस एर्नाकुलमकडे जमिनीचे दोन तुकडे घेतले. पैसा कुठला असे विचारता तिने सांगितले की आईकडील मालमत्तेच्या उत्पन्नातून शिल्लक पडलेला. अधिकाऱ्याला ते पटले नाही, आणि त्याने सगळी रक्कम तिचे लपवलेले उत्पन्न धरली. प्रकरण चढत चढत सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 1997 मध्ये निकाल झाला. मुलगी जिंकली. न्यायालय म्हणाले, कायद्यात ‘धरता येईल’ असे आहे, ‘धरलेच पाहिजे’ असे नाही. खुलासा पटला नाही म्हणजे रक्कम तिचे उत्पन्नच ठरते असे नव्हे, परिस्थितीही पाहावी. आणि परिस्थिती कोणती? तर या वयाच्या आणि या स्थितीतल्या मुलीने इतके पैसे मिळवले असणे संभवत नाही! हा निकाल कायद्याचे विद्यार्थी करदात्याच्या बाजूचा म्हणून पाठ करतात, आणि तो तसा आहेही. तो वाचून झाल्यावर मनात एक खडा मात्र राहतो. कर सुटला, पण सुटला तो ‘हिला कसले एवढे पैसे मिळवता येणार’ या पायावर. कात्यायनाने बाईची कमाई नवऱ्याला दिली होती. येथे ती कमावूच शकत नाही हे तिच्या बाजूचे प्रमाण ठरले.

दुसरा खटला बंगलोरचा. एक बाई जुन्या कलावस्तूंचा व्यापार करीत. 1970 च्या सुमारास एका वर्षात त्यांनी तीन लाखांहून अधिक रुपये वहीत जमा दाखवले आणि सांगितले की घोड्यांच्या शर्यतीत जॅकपॉट लागले. बंगलोर, मद्रास, हैदराबाद येथील क्लबांचे दाखलेही जोडले. कागद चोख होते. तरीही 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मानले नाही. शर्यतीचा अनुभव नसलेल्या व्यक्तीला इतक्या थोड्या काळात इतक्या वेळा बक्षीस लागावे हे मनुष्यस्वभावाच्या आणि संभवाच्या कसोटीवर उतरत नाही. विजयी तिकिटे मागाहून विकत घेतली असावीत, असे न्यायालयाने म्हटले. निकाल बरोबरच असावा. आम्हांला त्यात लक्षणीय वाटते ते एवढेच की कागद असला म्हणजे झाले असेही नाही. कागदामागची हकीगत ऐकणाराला पटावी लागते.

तिसरीही एक कसोटी आहे, ती नावाची. नवऱ्याने बायकोच्या नावावर घर घेतले तर ते खरे कोणाचे? 1970 नंतरच्या दशकात सर्वोच्च न्यायालयाने अशा बेनामी व्यवहारांसाठी कसोट्या घालून दिल्या, त्यांत पहिली कसोटी खरेदीचा पैसा कोणी दिला ही. एकीकडे बाईच्या पैशाचे घर नवऱ्याच्या नावावर, आणि दुसरीकडे नवऱ्याच्या पैशाचे घर करासाठी बाईच्या नावावर. दोन्हींकडे तंटा आला की शोध पैशाच्या उगमाचा.

घरखर्चातून वाचवलेल्या पैशाचे काय, हा आपल्या सर्वांच्या जिव्हाळ्याचा प्रश्न. याबाबत इंग्लंडातील एक निकाल ऐकून आपल्याला हसू येईल की राग, सांगता येत नाही. तेथील एका बाईने नवऱ्याने घरखर्चासाठी दिलेल्या पैशांतून काटकसर करून ऑक्सफर्डच्या सहकारी भांडारात शंभर पौंडांहून थोडी अधिक रक्कम जमवली. पुढे दोघे विभक्त झाले. 1943 मध्ये न्यायालयाने ठरवले की वाचवलेली सगळी रक्कम नवऱ्याची, कारण मूळ पैसा त्याचा. काटकसर बाईची, ती जमेस धरली नाही. तेथे 1964 मध्ये कायदा करून अशा शिलकीत बाईला निम्मा वाटा देण्यात आला. आपल्याकडे असा कायदा नाही. पण 2023 च्या जूनमध्ये मद्रास उच्च न्यायालयाने एक महत्त्वाचा निकाल दिला. नवरा अकरा वर्षे सौदी अरेबियात नोकरीला, बायको इकडे मुले आणि घर सांभाळून. त्याने पाठवलेल्या पैशांतून मालमत्ता घेतलेली. न्यायालयाने म्हटले की घर सांभाळून बाईने नवऱ्याला कमावण्यास मोकळे ठेवले, हाही खरेदीतला तिचा वाटाच आहे, आणि मालमत्तेत तिचा समान हक्क आहे. हा एका उच्च न्यायालयाचा निकाल आहे, देशाचा कायदा नव्हे. तरीही पैसा कुठून आला या प्रश्नाला ‘रोजच्या स्वयंपाकातून आणि मुलांच्या जागरणांतून’ असे उत्तर एका न्यायासनाने मान्य केले.

सोन्याबाबत सरकारने मागेच थोडे शहाणपण दाखवले आहे. 11 मे 1994 रोजी प्रत्यक्ष कर मंडळाने आपल्या अधिकाऱ्यांना सूचना दिली की धाडीत विवाहित स्त्रीमागे 500 ग्रॅम, अविवाहित मुलीमागे 250 ग्रॅम आणि पुरुषामागे 100 ग्रॅमपर्यंतचे दागिने जप्त करू नयेत. म्हणजे आपल्या चालीरीतीत बाईजवळ एवढे सोने असणारच, त्याची पावती मागू नये, हे मान्य झाले. (पुष्कळजणी ही सूचना म्हणजे एवढेच सोने बाळगता येते असा अर्थ करतात, तो चुकीचा आहे. पुरावा असेल तर अधिकही ठेवता येते.)

नोटांच्या बाबतीत मात्र तो दिवस आठवा. 8 नोव्हेंबर 2016 च्या रात्री पाचशे आणि हजारच्या नोटा रद्द झाल्या, आणि दुसऱ्या दिवशीपासून घराघरांतले डाळी-तांदळाचे डबे उपडे झाले. नवऱ्याला न सांगता साठवलेले पैसे नवऱ्यादेखत मोजावे लागले. कोणाचे मुलीच्या लग्नासाठी होते, कोणाचे दुखण्याखुपण्यासाठी; काहींचे, मारहाण असह्य झाली तर निघून जाता यावे यासाठीही होते, आणि ते उघडे पडले. अडीच लाखांपर्यंतच्या ठेवींची विचारणा करणार नाही असे सरकारने जाहीर केले होते, तरी काही गृहिणींना नोटिसा गेल्याच. 2021 च्या जूनमध्ये आग्र्याच्या प्राप्तिकर अपील न्यायाधिकरणाने निकाल दिला की त्या काळात गृहिणींनी भरलेली अडीच लाखांपर्यंतची रक्कम लपवलेले उत्पन्न मानू नये. वर्षानुवर्षे घरखर्चातून, नातलगांच्या भेटींतून अशी शिल्लक पडते हे गृहीत धरावे. तो निकाल त्या एका प्रसंगापुरता होता. आज कोणी तेवढी रोख भरून त्याच्या आधारावर बसू नये.

मग आज बँक काय मानते? सोने विकून पैसा आणला असेल तर सराफाचे बिल, ज्यात विकणारणीचे नाव, वजन आणि रक्कम आहे, आणि तीच रक्कम धनादेशाने किंवा खात्यातून तिच्या नावे जमा झालेली दिसली पाहिजे. माहेरून आले असेल तर देणाराचे बक्षीसपत्र आणि त्याच्या खात्यातून निघाल्याची नोंद. 1958 चा दानकर 1998 मध्ये उठला. परक्याकडून आलेल्या मोठ्या देणगीवर 2004 पासून प्राप्तिकर लागू लागला, पण आई, बाप, भाऊ, बहीण, नवरा आणि लग्नात मिळालेले यांना त्यातून सूट मिळाली. ही यादी मनूच्या सहा प्रकारांशी ताडून पाहावी. अग्नीसमोरचे आहे, भावाचे आहे, आईचे आहे, बापाचे आहे. बहीण तेवढी नवी आली. नवऱ्याने दिलेल्या रकमेवर कर नसला तरी तिच्यापासून होणारे उत्पन्न नवऱ्याच्याच उत्पन्नात धरण्याची रीत 1961 च्या कायद्यात होती, हे मात्र भगिनींनी ध्यानात ठेवावे. शिकवण्या, शिवण, डबे यांच्या कमाईसाठी प्राप्तिकराचे विवरणपत्र हा सर्वांत भक्कम पुरावा. कर लागत नसला तरी ते भरता येते, आणि दोनतीन वर्षांची विवरणपत्रे असली की बँकेचा सूर बदलतो असा अनेकींचा अनुभव आहे.

राहिली भिशी. बारा जणींनी दरमहा हजार रुपये द्यावे आणि चिठ्ठी निघेल तिने बारा हजार न्यावे, या व्यवहारात पैसा बाईचाच असतो. पण तो रोखीत फिरतो आणि बँकेला फक्त शेवटची मोठी रक्कम दिसते. 1959 मध्ये गिरगावात सात जणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास आरंभ केला, त्याचा ‘लिज्जत’ झाला. त्या ऐंशी रुपयांची आठवण राहिली. आपल्या भिशीचे तसे होत नाही, कारण ती लिहिलेलीच नसते. काही मंडळांतून आता हप्ता प्रत्येकीच्या खात्यातून भरण्याची पद्धत आली आहे. वेळ वाचतो म्हणून ती सुरू झाली असली तरी दरमहाचा हजार रुपयांचा आकडा पासबुकात छापला जातो, तिच्या नावासमोर.

महाराष्ट्र शासनाने 1 एप्रिल 2021 पासून बाईच्या नावावर घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत दिली. पंधरा वर्षे ते घर पुरुषाला विकू नये अशी तीत अट होती, ती 2023 मध्ये काढली. या सवलतीमुळे अनेक घरांतून आता ‘तुझ्याच नावावर घेऊ’ असे म्हटले जाऊ लागले आहे. तसे म्हणणे निघाल्यास करारावर सही करण्यापूर्वी आरंभीच्या रकमेचा धनादेश कोणत्या खात्यातून जाणार आहे तेही त्याच बैठकीत ठरवून घ्यावे. नंतर खाते बदलता येत नाही.